वर्गाचे दार उघडते तेव्हा

सकाळी वरणगावहून भुसावळकडे जाणाऱ्या एस.टी.त महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची गर्दी असते. अंतर बारा-तेरा किलोमीटरांचे. त्या गर्दीत आयुध निर्माणीतील कामगारांची मुले असतात, शेतकऱ्यांची असतात, तशीच बाजारपेठेतील व्यापाऱ्यांचीही असतात. व्यापाऱ्याच्या घरचा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी दुपारी परतला, की जेवण आटोपून गल्ल्यावर बसतो. तासाभरात चार-सहा गिऱ्हाइके करतो, कोणाला उधार द्यावे व कोणाला देऊ नये याचा अंदाज बांधतो, वहीत नाव मांडतो, आलेल्या मालाचे बिल ताडून पाहतो. याच विद्यार्थ्याने सकाळी वर्गात ‘ऋणको’ या शब्दाची व्याख्या उतरवून घेतलेली असते. व्याख्या त्याला पाठ असते. परंतु त्या व्याख्येतील ऋणको म्हणजे दुकानाच्या पायरीवर उभा राहून ‘कापूस विकला की देतो’ असे सांगणारा शेतकरी, हे त्याच्या मनात जुळलेले नसते.

दुकानातील ज्ञान दुकानात राहते व वर्गातील ज्ञान परीक्षेपुरते राहते. पदवी हाती येते, पण ताळेबंद वाचून स्वतःच्याच व्यवसायाची प्रकृती ओळखता येत नाही, असे अनेक घरांतून दिसते. मग ‘शिकून काय उपयोग झाला?’ हा प्रश्न वडील विचारतात आणि मुलगा निरुत्तर होतो. हा प्रश्न महाविद्यालयातील अनेक अध्यापकांनाही छळत आला आहे. त्यांपैकी काहींनी शिकविण्याची पद्धत बदलून पाहिली, काय साधले व काय फसले ते एकमेकांना सांगितले. या देवाणघेवाणीतून जे हाती लागले, ते व्यापारी कुटुंबांनी जाणून घेण्यासारखे आहे.

पाठ झाले, पण समजले का?

या विषयात एका परदेशी प्राध्यापकाचा अनुभव जगभरच्या अध्यापकांनी आवर्जून वाचला आहे. एरिक माझूर हे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवितात. १९८४ पासून ते तेथे अध्यापन करीत होते व विद्यार्थ्यांचा अभिप्रायही उत्तम होता. पुढे १९९० च्या सुमारास त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बल व गती यांविषयी अगदी साध्या, रोजच्या जीवनातील प्रश्नांची चाचणी दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की उत्तरे तुम्ही शिकविल्याप्रमाणे लिहायची, की आम्हाला प्रत्यक्षात वाटते त्याप्रमाणे? या निरागस प्रश्नाने माझूर अस्वस्थ झाले. अवघड गणिते सोडविणारे विद्यार्थी साध्या प्रश्नांत चुकले होते. सूत्र त्यांना ठाऊक होते, त्यामागचा विचार पोहोचला नव्हता.

एका प्रश्नाचे स्पष्टीकरण त्यांनी दोन वेळा केले, तरी वर्गाला उलगडा होईना. अखेर त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले, की शेजाऱ्याशी बोलून पाहा. वर्गात एकच गलबला झाला आणि काही मिनिटांत बहुतेकांना उत्तर उमगले. नुकतेच समजलेल्या विद्यार्थ्याला आपण स्वतः कोठे अडखळलो होतो, हे ताजे आठवत असते. वीस वर्षे तोच विषय शिकविणाऱ्या प्राध्यापकाला त्याचा विसर पडलेला असतो. यातूनच ‘सहाध्यायी अध्यापन’ ही पद्धत आकाराला आली व १९९७ मध्ये माझूर यांनी तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले.

पद्धत खर्चिक नाही. अध्यापक थोडे शिकवितो आणि मग एक नेमका प्रश्न पर्यायांसह विचारतो. प्रत्येकाने प्रथम स्वतः विचार करून उत्तर द्यायचे. बरोबर उत्तरे सुमारे ३० टक्क्यांहून कमी आली, तर विषय पुन्हा समजावून द्यायचा. सुमारे ७० टक्क्यांहून अधिक आली, तर पुढे जायचे. यांच्या दरम्यान असतील, तर विद्यार्थ्यांना आपसात चर्चा करू द्यायची व पुन्हा मत घ्यायचे. याकरिता यंत्र असलेच पाहिजे असे नाही. बोटे वर करून किंवा रंगीत पुठ्ठ्याचे तुकडे दाखवूनही मत घेता येते.

पवईतील प्रयोग

हार्वर्डला जे साधले ते आपल्याकडील गच्च भरलेल्या वर्गांत साधेल काय, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर महाराष्ट्रातच, मुंबईतील पवईच्या आयआयटीत शोधले गेले. तेथे २०१० मध्ये शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयात संशोधनाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. प्रा. सहाना मूर्ती व प्रा. श्रीधर अय्यर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह प्रथम वर्षाच्या संगणक आज्ञावलीच्या वर्गात ‘विचार करा, जोडी करा, सर्वांना सांगा’ ही पद्धत वापरून पाहिली. मूळ कल्पना अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाचे फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली. पवईच्या वर्गात मात्र शेकडो विद्यार्थी एकाच सभागृहात बसत.

या अध्यापकांनी ‘मुलांना आवडले’ एवढ्यावर समाधान मानले नाही. विद्यार्थी प्रत्यक्ष काय करीत आहेत, याची निरीक्षणे ठरावीक अंतराने नोंदविली. सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. हा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःला आणखी कठोर प्रश्न विचारला. विद्यार्थी गुंतले हे खरे, परंतु ते शिकले काय? त्यासाठी व्याख्यानाने शिकलेला गट व जोडीने विचार करून शिकलेला गट यांची तुलना केली, तेव्हा दुसरा गट सरस ठरला. व्यवसायात जसे उलाढाल आणि नफा हे दोन आकडे वेगळे मांडावे लागतात, तसेच या अध्यापकांनी उत्साह आणि ज्ञान यांचे हिशेब वेगवेगळे ठेवले. त्यांच्या कामाचे मोल यात आहे.

व्यापक पातळीवरही असेच चित्र दिसते. विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ व्याख्यानाच्या वर्गांत अनुत्तीर्णांचे प्रमाण सरासरी ३४ टक्क्यांच्या जवळपास होते, तर विद्यार्थ्यांना कृतीत गुंतविणाऱ्या वर्गांत ते सुमारे २२ टक्के होते. शंभरांच्या वर्गात बारा मुलांचे वर्ष वाचणे, ही कोणत्याही कुटुंबाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

वाणिज्याच्या वर्गात हे कसे दिसेल?

वरील प्रयोग विज्ञानाचे असले, तरी त्यांचे मर्म वाणिज्य शाखेस अधिकच लागू पडते. कारण वाणिज्याची प्रयोगशाळा बाजारात आधीपासून उभी आहे. उदाहरणादाखल एक प्रश्न घ्यावा. एका व्यापाऱ्याने ८०,००० रुपये रोख देऊन घेतलेला माल मार्च महिन्यात १,००,००० रुपयांस उधारीवर विकला. ३१ मार्चपर्यंत पैसे आले नाहीत. पर्याय असे : पहिला, नफा २०,००० रुपये झाला व बँकेतील शिल्लक तेवढी वाढली. दुसरा, नफा २०,००० रुपये झाला, पण या व्यवहारात हातातील पैसा उलट ८०,००० रुपयांनी घटला. तिसरा, पैसेच आले नाहीत, म्हणून नफा झाला नाही.

पहिल्या फेरीत वर्ग तिन्ही पर्यायांत विभागला गेला, तर नवल वाटू नये. दुकानावर बसणाऱ्या मुलाचा कल तिसऱ्याकडे जाईल, कारण हातात आलेला पैसा तोच खरा, असे त्याने घरी ऐकलेले असते. पुस्तक पाठ केलेला विद्यार्थी पहिल्याकडे झुकेल. दोघांना समोरासमोर बसविले, की एकाचा अनुभव व दुसऱ्याचा नियम यांची गाठ पडते आणि दुसरा पर्याय हळूहळू उलगडतो. पुढे अध्यापकाने इतकेच विचारावे, की या विक्रीवरील जीएसटी केव्हा भरावा लागेल? सर्वसाधारण नोंदणीकृत व्यापाऱ्याचे दायित्व बिलाबरोबर निर्माण होते, गिऱ्हाइकाकडून पैसे येईपर्यंत ते थांबत नाही, हे कळले म्हणजे उधारीचा खरा भार विद्यार्थ्याच्या ध्यानात येतो. नफ्यात चाललेली दुकाने रोकडीअभावी का अडचणीत येतात, हा धडा त्या एका तासात त्याच्या मनावर ठसतो.

बँकिंगच्या वर्गासाठीही असा प्रसंग रचता येतो. एक विद्यार्थी व्यापारी, दुसरा बँकेचा अधिकारी. व्यापाऱ्याच्या गोदामात १० लाखांचा माल आहे. पैकी ४ लाखांच्या मालाचे पैसे पुरवठादारास द्यायचे आहेत. बँकेचे मार्जिन २५ टक्के. तर या मालावर खात्यातून किती रक्कम उचलता येईल? ‘व्यापारी’ दहा लाख मागतो. ‘अधिकारी’ प्रथम ४ लाख वजा करतो, उरलेल्या ६ लाखांतून मार्जिनचे दीड लाख काढतो व साडेचार लाखांवर थांबतो. का थांबला, हे त्याने व्यापाऱ्यास समजावून सांगायचे. पुढच्या तासाला भूमिका बदलायच्या. स्वतःच्या दुकानासाठी कर्ज मागण्याची वेळ येईल, तेव्हा अशा मुलास स्टॉक स्टेटमेंट ही केवळ कटकट वाटणार नाही.

भाषेचाही मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. पाठ्यपुस्तकातील मराठी अवघड, इंग्रजी त्याहून अवघड. शेजाऱ्याशी बोलताना मात्र खानदेशातील विद्यार्थी लेवा गणबोलीत, अहिराणीत किंवा घरच्या मारवाडीत मोकळा होतो. विषय आपल्या बोलीत सांगता आला, की तो आपला होतो. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांसाठी १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेत, जाते, चूल यांकडे पाहून त्या शिकल्या आणि आपल्या बोलीत बोलल्या. त्यांच्या नावाच्या विद्यापीठातील वर्गांत अनुभवाला व बोलीला मानाचे स्थान मिळावे, ही अपेक्षा गैर नाही.

अध्यापकाचा एकटेपणा

एवढे सोपे असेल, तर सर्वत्र असेच का शिकविले जात नाही? याचे एक कारण अध्यापकाच्या व्यवसायातच दडलेले आहे. व्यापारी संध्याकाळी बाजारात चार जणांशी बोलतो; भाव कसा फिरला, कोणती खरेदी अंगलट आली, हे त्याला कळते. डॉक्टर अवघड रुग्णाविषयी दुसऱ्या डॉक्टरशी चर्चा करतो. अध्यापक मात्र वर्गाचे दार लावून घेतो व आत काय घडले ते आतच राहते. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९९३ मध्ये या एकाकीपणावर नेमके बोट ठेवले. संशोधन जसे सर्वांसमोर मांडले जाते, तपासले जाते, तसे अध्यापनही सर्वांच्या मालकीचे व्हावे, असा त्यांचा आग्रह होता.

आपल्याकडे या दिशेने झालेला एक मोठा प्रयत्न पुन्हा पवईचाच आहे. आयआयटीतील प्रा. दीपक फाटक यांनी केंद्र शासनाच्या माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण या राष्ट्रीय मोहिमेतून प्रथम एक हजार व नंतर दहा हजार अध्यापकांना प्रशिक्षण देण्याचा उपक्रम हाती घेतला. फाटक यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. उपक्रमाची रचना विचारपूर्वक केलेली होती. सर्वांना मुंबईला बोलाविण्याऐवजी देशभरच्या महाविद्यालयांत केंद्रे उभारली गेली. व्याख्यान पवईहून थेट प्रक्षेपित होई. सराव व चर्चा स्थानिक समन्वयकाच्या देखरेखीखाली त्या त्या गावी होई. लहान गावातील अध्यापकास आपल्या शंका आयआयटीच्या प्राध्यापकापुढे व देशभरच्या सहव्यावसायिकांपुढे मांडता आल्या. याच संस्थेतील प्रा. कण्णन मौद्गल्य यांचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमही उल्लेखनीय आहे. सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणि पाहता पाहता स्वतः करून शिकण्याची सोय, असे त्याचे स्वरूप आहे.

अशा भेटींत केवळ यशाच्या कथा सांगितल्या गेल्या, तर त्यांचा उपयोग थोडा. खरा लाभ अपयश उघड केल्याने होतो. प्रश्न फार सोपा निघाला व चर्चेला काही उरलेच नाही. पहिल्या दोन बाकांवरील मुलेच बोलली व मागचे गप्प राहिले. गटातील एकाने काम केले व इतरांनी नावे लिहिली. गोंगाट ऐकून शेजारच्या वर्गातून तक्रार आली, अशा अडचणी बहुतेकांना येतात. उपायही अनुभवातूनच सापडतात. बोलण्याआधी प्रत्येकाने उत्तर कागदावर लिहायचे. जोड्या अध्यापकाने बदलत ठेवायच्या. गटाचे उत्तर कोण सांगणार, ते आयत्या वेळी ठरवायचे. हे उपाय कोणत्याही शासकीय परिपत्रकात सापडत नाहीत. एक अध्यापक दुसऱ्याला सांगतो, तेव्हाच ते पोहोचतात.

पालकांचा विरोध आणि एक महत्त्वाचा निष्कर्ष

नवी पद्धत अवलंबिणाऱ्या अध्यापकास सर्वांत मोठा अडथळा अनेकदा विद्यार्थी व पालक यांच्याकडूनच येतो. ‘सर शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात’, ‘पोर्शन मागे पडला’, ‘नोट्स मिळाल्या नाहीत’ अशा तक्रारी घरी येतात व घरून महाविद्यालयात पोहोचतात. सावध अध्यापक मग पुन्हा नोट्स सांगू लागतो. प्रयोग तेथेच संपतो.

या संदर्भात हार्वर्डमध्येच झालेला व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास डोळे उघडणारा आहे. एकच विषय विद्यार्थ्यांच्या एका गटास ओघवत्या व्याख्यानाने व दुसऱ्यास कृतीद्वारे शिकविला गेला. व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण अधिक शिकलो असे वाटले. चाचणीत मात्र स्वतः झगडून शिकलेल्यांचे गुण अधिक आले. झगडताना मनाला पडलेला ताण विद्यार्थ्याला अपयशासारखा वाटतो, वास्तविक तीच शिकण्याची खूण असते. पेढीवर नवा बसलेला मुलगा पहिल्या महिन्यात रोज चुकतो, रोजमेळ जुळत नाही म्हणून रात्री उशिरापर्यंत बसतो. ‘याला काही येत नाही’ म्हणून कोणी वडील त्याला उठवीत नाहीत. चुकू देतात, शोधू देतात, म्हणून तो तयार होतो. पेढीवर जो धीर दाखविला जातो, तोच महाविद्यालयाच्या बाबतीतही दाखवावयास हवा.

पेढीचे दारही उघडावे

कष्ट आणि ज्ञान यांची सांगड घालण्याचा वारसा महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ हे तत्त्व प्रत्यक्षात आणले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा उच्च शिक्षणातही हे तत्त्व आले. जैन कुटुंबात जन्मलेल्या या कर्मयोग्याने श्रम करणाऱ्या हातांना शिक्षणात प्रतिष्ठा दिली.

आज राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प, समाजाशी निगडित कार्य व प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण यांना श्रेयांक देण्यात आले आहेत. संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून लागू झाली. म्हणजे विद्यार्थी आता वर्गाबाहेर पडून दुकान, आडत, पतसंस्था, कारखाना यांच्या दाराशी येणार आहे. त्या दारात जो उभा असेल, तो बहुतांशी आपल्यासारख्याच कुटुंबातील व्यापारी असेल.

येथे एक मोह संभवतो. ओळखीचा मुलगा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र घेऊन येतो, ‘काका, फक्त सही-शिक्का हवा’ म्हणतो आणि एक दिवसही काम न केलेल्या मुलास कागद मिळून जातो. उपकार केल्याचे समाधान मिळते; प्रत्यक्षात त्या मुलाचे नुकसान झालेले असते. ज्या अध्यापकाने खटपट करून त्याला बाजारात पाठविले, त्याचे परिश्रमही त्या एका शिक्क्याने वाया जातात. खोट्या बिलावर सही न करणारा व्यापारी खोट्या प्रमाणपत्रावर तरी ती का करील?

त्याऐवजी करता येण्याजोगे बरेच आहे. गिऱ्हाइकांची नावे झाकून जुनी वही वर्गात अभ्यासासाठी देता येईल. मुलाला पंधरा दिवस मालाची मोजदाद, बिलांची ताळमेळ, थकबाकीची यादी करावयास लावता येईल. महिन्यातून एखाद्या तासाला वर्गात जाऊन एक फसलेला व्यवहार विद्यार्थ्यांसमोर मांडता येईल. कोठे चुकले ते त्यांनी शोधावे. अध्यापकांनी एकमेकांसमोर अपयश सांगण्याचे जे धैर्य दाखविले, तेच व्यापाऱ्याकडूनही अपेक्षित आहे.

मग सकाळी एस.टी.ने भुसावळला गेलेला वरणगावचा मुलगा दुपारी गल्ल्यावर बसेल, तेव्हा पायरीवर उभ्या शेतकऱ्याकडे पाहून त्याला सकाळचा तास आठवेल. कदाचित रात्री वही मिटताना तो वडिलांना विचारील, ‘बाबूजी, आपली किती रक्कम उधारीत अडकली आहे?’ त्या रात्री वडिलांनी त्याच्यासोबत बसून हिशेब करावा.